लेम्पीला कुणी विचारलंच नाही

मी टॉयवो बोलतोय. साळिंदर. हातात घालून नाचवायची कापडी बाहुली. नीट ऐका, कारण माझ्या आत कुणाचा हात नसताना मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलतोय.

आत हात नाही, वर्तमानपत्राचे बोळे आहेत. मी उभा राहावा म्हणून कोंबलेत. कॉपर बेंड गावच्या सार्वजनिक वाचनालयात शिरलं की डाव्या हाताला एक काचेचं कपाट लागतं, त्यात मला ठेवलंय. शेजारी खाणीतला एक जुना दिवा आहे आणि कुठल्याशा नगराध्यक्षाची काठी. माझ्या पायाशी आत्ता आत्तापर्यंत एक पाटी होती: 'टॉयवो. मिस लेम्पी यांच्या स्मरणार्थ.'

मिस लेम्पी जिवंत आहे. चांगली ठणठणीत आहे. दोन गल्ल्या पलीकडे राहते, पुस्तकं बदलायला येते, आणि दर वेळी ती पाटी वाचूनच आत जायची. पाटी लिहिणाऱ्याला एवढंही सुचू नये? माझ्या अंगावर काटे आहेतच, पण ती पाटी दिसली की ते आणखी उभे राहायचे.

माझा जन्म लेम्पी कार्व्होनेनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळायचं काम तिला नुकतंच मिळालं होतं. बाहेर खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ साचला होता, आणि काकाचा शिकारीचा जुना कोट टाकून देणं तिच्या जिवावर आलं होतं. त्या कोटाचं माझं अंग झालं. काटे म्हणजे बुटांच्या नाड्या. नाडीचं टोक कडक असतं ना, तेवढं तेवढं कापून तिने माझ्या पाठीवर ओळीने शिवलं. दात कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याचे. तोंडाच्या आतलं लाल कापड कशाचं, ते मी सांगणार नाही. त्याच काकाच्या हिवाळ्यातल्या लांब चड्डीचं. सांगून टाकलं, जाऊ दे.

वाचनालयाची इमारत पूर्वी अग्निशमन दलाची होती. जिथे बंब उभा राहायचा तिथे मुलांचा कोपरा. फरशी इतकी गार की लेम्पीने घरून गालिचा आणून घातला. दर बुधवारी सकाळी तिथे गोष्टींचा तास भरायचा. लेम्पी खाली मांडी घालून बसायची, मला हातात चढवायची, आणि मी पहिलं वाक्य बोलायचो ते नेहमी तक्रारीचं.

"आज कोणी दात घासलेत? वास येतोय मला."

मुलं ओरडायची, "तुझाच वास येतोय, टॉयवो."

"मी साळिंदर आहे. मला दात घासायची सक्ती नाही."

मग गोष्ट. गोष्टीतही मी गप्प बसायचो नाही. राजकन्या रडायला लागली की विचारायचो, हिला घरी काही काम नाही का. मुलं लोळायची. ज्या मुलाला वाचता येत नाही म्हणून शाळेत टोमणे बसायचे, तो मला वाचून दाखवायला यायचा, कारण मी त्याच्यापेक्षा वाईट वाचायचो. लेम्पीनेच ठरवलं होतं की टॉयवो वाचताना अडखळतो. मुलं मला शिकवायची. शिकवता शिकवता त्यांनाच यायला लागायचं, आणि श्रेय मात्र मी घ्यायचो.

मोठ्या माणसांबद्दल माझं मत बरं नाही. मुलांना गालिच्यावर सोडायची आणि आपण मागे खुर्चीत फोन काढून बसायची. उन्हाळ्याच्या वाचन स्पर्धेत मुलांच्या नावावर स्वतः वाचलेली पुस्तकं घालायची. एकाने तर मोटार दुरुस्तीचं पुस्तक घातलं, पोरगी चार वर्षांची. आणि माझ्याकडे बघून सगळ्यांचं एकच, "किती गोड आहे." मी गोड नाही. मी कधीच गोड नव्हतो.

आता लेम्पीबद्दल सांगतो, म्हणजे माझा राग कुठून आला ते कळेल. लेम्पी अतिशय शांत बाई. इतकी शांत की दुकानदाराने सुट्टे कमी दिले तरी आभार मानून निघेल. आमच्या गावात तशी सगळीच माणसं कमी बोलतात, पण ती त्यातही वरच्या नंबरात. तिला जे बोलता यायचं नाही ते ती माझ्या तोंडून बोलायची. मुलांच्या कोपऱ्यावरचं छप्पर गळत होतं तेव्हा ती वाचनालयाच्या मंडळाकडे एका शब्दाने बोलली नाही. पण एका बुधवारी मंडळाचे अध्यक्ष वर्नर साल्मी मागे उभे होते, तेव्हा मी म्हणालो, "माझ्या डोक्यावर पाणी पडतंय. वर्नरकाकांना सांगा, छत्री धरून उभे राहा." सगळे खो खो हसले, वर्नरसुद्धा. पुढच्याच आठवड्यात छप्पर दुरुस्त झालं. आमच्या गावात तक्रार करायची ती अशी. हसत हसत, दुसऱ्याच्या तोंडून.

ही वर्षानुवर्षं चाललेली पद्धत. तिनेच पुढे लेम्पीचा घात केला.

गेल्या वर्षी मंडळाने एक भलामोठा पडदा आणला. त्यावर कुठल्यातरी दूरच्या शहरातली एक हसरी बाई गोष्टी सांगते. तिला सर्दी होत नाही, ती रजा मागत नाही, आणि ती कुणाच्या छपराबद्दल बोलत नाही. वर्नर त्या पडद्यावर फिदा. येईल त्याला चालू करून दाखवायचा.

मग एक दिवस तो मागच्या खोलीत आला. मी नुकताच धुतलेला, टेबलावर उलटा वाळत पडलेलो. डार्लीनने वेलदोड्याचा गोड पाव भाजून आणला होता. डार्लीन म्हणजे पुढच्या टेबलावर बसणारी, पुस्तकांची देवघेव बघणारी, आणि आमच्या साप्ताहिकात 'वाचनालयाच्या बातम्या' लिहिणारी.

"वर्नर, पाव घे," डार्लीन म्हणाली.

"नको गं, आत्ताच खाऊन आलो."

"घे की थोडा."

"छे, पोट भरलंय."

"अरे, तुझ्यासाठीच कापलाय."

"बरं, इतकं म्हणतेस तर," म्हणत त्याने तीन तुकडे संपवले.

हे असंच असतं इथे. कॉफी असो, पाव असो, गाडीतून घरी सोडणं असो, पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की हो. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट, आणि एकदाच विचारून थांबणारा माणूस उद्धट. आमच्याकडे हे लहान मुलालाही माहीत असतं.

तर पावाचा चुरा शर्टावरून झटकत वर्नर लेम्पीला म्हणाला, "काय लेम्पी, पुढच्या वर्षीही मुलांचं तूच बघणार ना? की आता पुरे झालं?"

लेम्पी म्हणाली, "माझ्यावाचून कुणाचं अडलंय असं थोडंच आहे."

"बरं," वर्नर म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला.

बरं. एवढंच. दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिसऱ्यांदा तर सोडाच. तो बाहेरगावचा असता तर मी समजून घेतलं असतं. बिचारा, त्याला काय ठाऊक, असं म्हटलं असतं. पण हा इथे जन्मला, लेम्पीबरोबर एकाच वर्गात शिकला, आयुष्यभर तिसऱ्या आग्रहाची कॉफी पीत आला. त्याला पक्कं ठाऊक होतं. तिच्या त्या वाक्याचा अर्थ 'अजून एकदा विचार' एवढाच आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. म्हणूनच तो घाईने निघाला. मी उलटा पडलो होतो, माझ्या नाकातून पाणी ठिबकत होतं, आणि मला ओरडायचं होतं. पण हाताशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

लेम्पी टेबल पुसत राहिली. दाराकडे एकदा बघितलं तिने. तो परत येईल असं वाटलं असणार.

गुरुवारी साप्ताहिक आलं. मी तेव्हा लेम्पीच्या पिशवीत होतो, कारण माझा एक दात सैल झाला होता आणि ती तो घरी बसवणार होती. ती किराणा दुकानात रांगेत उभी होती. पुढच्या बाईने वळून तिला मिठीच मारली.

"लेम्पी, अभिनंदन. आता आराम कर हो. केवढं केलंस आमच्या पोरांसाठी."

लेम्पी काही न कळून हसली. तिथेच काउंटरवर अंक पडला होता. 'वाचनालयाच्या बातम्या'मध्ये आधी उन्हाळी स्पर्धेचे विजेते, मग कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवायच्या उपक्रमाचा फोटो, मग खाली चौकटीत: 'आपल्या सर्वांच्या लाडक्या मिस लेम्पी यंदा निवृत्त होत आहेत. कुटुंबासोबत वेळ घालवण्याची त्यांची इच्छा आहे. निरोप समारंभ बुधवारी. केक असेल.'

कुटुंब? लेम्पीचं कुटुंब म्हणजे एक मांजर, आणि तेही तिच्याशी धड वागत नाही.

आता मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला ते सांगतो. लेम्पी त्या बाईला "थँक यू" म्हणाली. बाहेर पोस्टमन भेटला, त्यालाही थँक यू. संध्याकाळपर्यंत तिच्या दारात लोकांनी झाकून ठेवलेली ताटं, मांस-बटाट्याच्या गरम करंज्या, फुलं. प्रत्येकाला थँक यू. लोक इतक्या प्रेमाने आलेत, त्यांना कसं सांगायचं की ही बातमी खोटी आहे? त्यांचा केवढा विरस होईल. हे तिच्या मनात चाललं होतं, मला ठाऊक आहे, मी तिच्या हाताच्या मापाचा आहे. गाव प्रेमाने तिला ढकलत होतं आणि ती ढकलणाऱ्यांचे आभार मानत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लेम्पीवरसुद्धा मी चिडलो. अजून चिडलेला आहे.

दुसऱ्या दिवशी डार्लीन म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस तर फोटोसकट छापलं असतं गं."

"तुला कोणी सांगितलं?" लेम्पीने विचारलं.

"वर्नरने. म्हणाला, लेम्पीच म्हणाली आता तिची गरज नाही म्हणून."

लेम्पी म्हणाली, "हं." आमच्या गावात 'हं' मध्ये पुष्कळ काही मावतं, पण ते ऐकायला समोर कान हवेत.

बुधवार आला. केकवर माझं चित्र काढलं होतं, चॉकलेटचे काटे, लाल साखरेचं तोंड. वर्नरने सुरी घेतली आणि थेट माझ्या नाकापासून सुरुवात केली. मुलांचा कोपरा भरून गेला होता. मागे भिंतीला टेकून मोठी माणसं, हातात कागदी बशा. लेम्पीने मला हातात घातलं. तिचा हात गार होता.

आयव्ही नावाची एक पाच वर्षांची मुलगी आहे. पुढच्या दोन दातांमध्ये फट, आणि प्रश्न विचारायची भारी हौस. तिने विचारलं, "टॉयवो, तू पण निवृत्त होणार?"

"मला काय विचारतेस?" मी म्हणालो. "मला कुणीच काही विचारत नाही. मिस लेम्पीलाही कुणी विचारलं नाही. आम्ही दोघांनी ते पेपरात वाचलं."

हास्याचा एकच स्फोट झाला. वर्नर तर डोळे पुसत होता. "हा टॉयवो म्हणजे," असं म्हणत शेजारच्याच्या पाठीवर त्याने थाप मारली.

आयव्ही हसली नाही. मुलांपैकी कुणीच हसलं नाही. आयव्ही म्हणाली, "मग सांग ना त्यांना."

"सांगतोय ना," मी म्हणालो. "मिस लेम्पीला जायचं नाहीये."

आणखी मोठ्याने हसले. एक जण म्हणाला, "शेवटपर्यंत खोडी जात नाही याची." छप्पर गळत होतं तेव्हा हसले होते आणि छप्पर दुरुस्त केलं होतं. आज नुसतेच हसले. ज्यांना ऐकायचंच नव्हतं त्यांना माझ्या तोंडचं ऐकून सोडून देणं किती सोयीचं पडलं.

तेव्हा लेम्पीने मला काढलं. हळूच, बोटं एकेक करत. केकच्या शेजारी आडवं ठेवलं आणि उभी राहिली.

"मला जायचं नव्हतं," ती म्हणाली. स्वतःच्या आवाजात. तो आवाज त्या गालिच्यावर कुणी फारसा ऐकलेला नव्हता. बारीक, थोडा घोगरा.

कागदी बशा खाली आल्या. आता, मला वाटलं, आता.

वर्नर पुढे आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अगं, अशा वेळी भरून येतंच. साहजिक आहे. टाळ्या वाजवा रे मिस लेम्पीसाठी."

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, काही जणींनी रुमाल काढले. एका बाईचं वाक्य टाळ्यांखाली गाडलं गेलं आणि गाडणाऱ्यांना वाटलं आपण तिचा मान करतोय. मी केकच्या बाजूला पडलो होतो, माझ्या कानाला साखरेचं लोणी लागलं होतं. त्या दिवसाचा राग माझ्या अंगात अजून तसाच आहे.

निघताना तिने मला पिशवीत टाकलं, तर वर्नर म्हणाला, "टॉयवो वाचनालयाचा ना? राहू दे की. आठवण म्हणून." काकाचा कोट तिचा, चड्डी तिची, टाके तिचे. पण ती "बरं" म्हणाली. असा मी या कपाटात आलो.

पुढच्या बुधवारी लेम्पी आली. कामाला नाही, वाचक म्हणून. पडद्यावर ती हसरी बाई सुरू होती, "मुलांनो, सांगा बरं, गाय कशी ओरडते?" असं विचारत होती आणि उत्तराची वाट न बघता "शाब्बास" म्हणत होती. लेम्पी कोपऱ्यात एक चित्रांचं पुस्तक उघडून बसली. आयव्ही तिच्याजवळ सरकली. मग दोघं आणखी. महिनाभरात पडद्यासमोर रिकामा गालिचा आणि लेम्पीभोवती गर्दी. सार्वजनिक वाचनालयात पुस्तक वाचत बसलेल्या बाईला कोण उठवणार?

आणि मग डार्लीनच्या बातम्यांमध्ये आलं: 'निवृत्तीनंतरही मिस लेम्पी हौसेने मुलांसाठी वेळ देतात. अशी निरपेक्ष सेवा विरळाच.'

तो अंक घेऊन लेम्पी आत आली तेव्हा मी तिचा चेहरा काचेतून बघितला. तो चेहरा मी ओळखला नाही. ती सरळ डार्लीनच्या टेबलाशी गेली, माझ्यापासून हातभर अंतरावर.

"डार्लीन, लिहून घे."

डार्लीन गडबडली. "अगं बस तरी. कॉफी घेतेस?"

"हो. आण."

डार्लीनच्या हातातून चमचा पडला. ती कॉफी घेऊन आली तेव्हा लेम्पी उभीच होती.

"लिही. मी निवृत्त झालेली नाही. मला काढलं. मला कुणी नीट विचारलं नाही, आणि मीही नीट सांगितलं नाही. मी हे काम हौस म्हणून करत नाही. हे माझं काम आहे आणि मला ते परत हवंय."

"लेम्पी, असं छापता येत नाही गं. वर्नरला काय वाटेल?"

"त्याला जे वाटेल ते त्याने मला येऊन सांगावं."

"लोक काय म्हणतील?"

"तेच ऐकायचंय मला. एकदा म्हणू देत."

डार्लीनने पेन उचललं. हळूच म्हणाली, "मी तुला विचारायला हवं होतं. एक फोन केला असता तर." लेम्पीने तिला 'असू दे' म्हटलं नाही. कॉफी संपवली, कप धुऊन ठेवला आणि गेली. डार्लीनने शब्द न शब्द छापलं. अगदी पहिल्या जागी, विजेत्यांच्याही वर.

गावाला ते पचलं नाही. किराणा दुकानात लोक तिला पाहून पाठ फिरवून डबे निवडायला लागले. ज्यांनी करंज्या आणून दिल्या होत्या त्यांना वाटलं, आपल्याला फसवलं. एकीने म्हणे ताट परत मागितलं. मागू देत.

आज मंडळाची सभा आहे, सगळ्यांना खुली. थोड्या वेळापूर्वी वर्नर इथून गेला. माझ्या काचेत बघून त्याने टाय सरळ केला. माझ्या डोळ्यांवरून त्याचा चेहरा सरकला, पण त्याने मला बघितलं नाही. त्याच्या मागून लेम्पी आली. एकटी. तिच्या हातात पिशवी नव्हती, काहीच नव्हतं. ती माझ्यासमोर थांबली, पायाशी ती पाटी बघितली, कपाटाचं दार उघडलं, पाटी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि आत निघून गेली. मला तिने घेतलं नाही. बरोबर केलं. मी बरोबर असतो तर ते पुन्हा हसले असते.

आणि तुम्ही. हो, तुम्हीच, ओल्या बुटांनी माझ्यासमोर उभे राहून मुलाला दाखवताय, "बघ किती गोड आहे." तुमच्या मुलाला वाचायला तिने शिकवलं, मी नाही. मी एक जुना कोट आहे. मला बघून तुम्हाला भरून येत असेल तर ते मला नकोय, कपाटात ठेवायला इथे जागा नाही. मागच्या खोलीचं दार उघडं आहे, सभा सुरू झालीय, आणि ती पहिल्या रांगेत बसलीय. तिच्या मागच्या सगळ्या खुर्च्या अजून रिकाम्या आहेत. इथे काय उभे राहिलात? आत जा.